काटा, थप्पी आणि मस्टर: गावातल्या शेतकरी कंपनीत माणसं कशी सांभाळावी

तूर-हरभऱ्याची खरेदी, एक चाळणी यंत्र, जमलं तर छोटी डाळ मिल आणि हजार-दोन हजार कट्ट्यांचं गोदाम. विदर्भातल्या अनेक शेतकरी उत्पादक कंपन्यांचा, म्हणजे शेतकरीच सभासद असलेल्या कंपन्यांचा, पसारा एवढाच असतो. माणसंही मोजकीच: सीईओ, लेखापाल, गोदामपाल, दोन ग्रेडर, मशीनवाला आणि त्याचा मदतनीस, चाळणी-निवडणीवरच्या चार बाया, सहा हमाल. झाले सतरा.

अडचण अशी की हे सतराही एकाच गावचे, फार तर शेजारच्या दोन गावांचे. गोदामपाल अध्यक्षांचा पुतण्या. ग्रेडरची बायको चाळणीवर. हमालांचा मुकादम मागच्या ग्रामपंचायतीत एका संचालकाच्या विरोधी पॅनलमध्ये उभा होता. शहरात ऑफिस सुटलं की सहकाऱ्यापासून सुटका होते. इथे तोच माणूस रात्री भजनात आणि सकाळी पांदण रस्त्यावर भेटतो. त्यामुळे गावातलं भांडण काट्यावर येतं आणि काट्यावरचं भांडण गावात जातं.

माणसांचे स्वभाव वाईट म्हणून टीम फुटते, असं संचालक मंडळाच्या बैठकीत नेहमी ऐकू येतं. ते फारसं खरं नाही. कोणाचं काम कुठे संपतं, कोणाच्या मालाचा निर्णय कोणी करायचा आणि पैसे कोणत्या तारखेला मिळणार, या तीन गोष्टी कागदावर नसल्या की चांगली माणसंही एकमेकांच्या अंगावर येतात. म्हणून मनुष्यबळाचं काम या कागदांपासून सुरू करा. आणि कागद झाला की तो आधी संचालकांच्या घरच्यांना लावा. बाकीचा गाव तेवढंच बघत असतो.

पहिलं काम: गाडी आत आल्यापासून चुकाऱ्यापर्यंतची साखळी लिहा

पदांची यादी करत बसू नका. शेतकऱ्याची गाडी फाटकातून आत आली की मालाला कोणाकोणाचा हात लागतो, ते क्रमाने लिहा. टोकन, नमुना, ओलावा आणि मातेरं (माती-कचरा), काटा (वजन), थप्पी (एकावर एक रचलेले कट्टे), नोंद, चुकारा (शेतकऱ्याला मालाचे पैसे). प्रत्येक टप्प्यापुढे तीन रकाने ठेवा: कोण करतो, तो नसला तर कोण, आणि सही कोणाची.

मग एक नियम आखा, आणि तो हंगामाच्या गर्दीतही मोडू नका: नमुना काढणारा, काटा करणारा आणि नोंद करणारा ही तीन वेगळी माणसं हवीत. गर्दीत सगळ्यात आधी हाच नियम मोडतो. ग्रेडर म्हणतो, ‘मीच वजन लिहून घेतो, लाइन लांब आहे.’ हेतू चांगला असतो. पण ओलावा आणि वजन एकाच हाताने लिहिलं गेलं की पुढे फरक निघाल्यावर कोणालाच काही सिद्ध करता येत नाही, आणि गावात त्या एकाच माणसाचं नाव खराब होतं. हा नियम कंपनीइतकाच त्या कामगाराचंही रक्षण करतो. टीमला समजावताना हीच बाजू आधी सांगा. ‘तुमच्यावर भरोसा नाही’ असं ऐकू गेलं तर नियम पहिल्याच दिवशी गेला.

हमीभावाच्या खरेदीत तुरीला ओलाव्याची मर्यादा १२ टक्के असते. १२.४ आला की भांडण ठरलेलं. त्यासाठी रीत आधीच ठरवा. एकाच पोत्यातून नमुना घेऊ नका, गाडीच्या वरच्या, मधल्या आणि तळाच्या पोत्यांतून घ्या. मीटरवर तीनदा मोजा, सरासरी शेतकऱ्यासमोर मोठ्याने वाचा आणि पावतीवर लिहा. ग्रेडरला वाद घालायला लावू नका. त्याने आकडा वाचायचा. माल परत पाठवायचा की वाळवून आणायला सांगायचं, हे सीईओने सांगायचं. शिव्या खाण्याचं काम त्याच्याच पगारात धरलेलं आहे.

नात्याची वही

गावात नातं नसलेला माणूस शोधू गेलं तर भरती होणारच नाही. तेव्हा नातेवाइकाला काम देऊ नये असा नियम करण्यात अर्थ नाही, तो आठ दिवसांत मोडेल. नातं लपवू नये, हा नियम मात्र पाळता येतो.

एक साधी शंभर पानी वही घ्या. दर वर्षी हंगामाआधी प्रत्येक संचालकाने आणि कर्मचाऱ्याने त्यात लिहून द्यायचं: कंपनीत काम करणारे आणि कंपनीला माल देणारे आपले जवळचे कोण? नवरा-बायको, आई-वडील, भाऊ-बहीण, मुलं, चुलत-मावस भावंडं, सासरची मंडळी. त्यासोबत एक रकाना हमखास राहून जातो: बटईने किंवा ठेक्याने कोणाची जमीन करतो. सातबारा एकाचा आणि माल दुसऱ्याचा, अशी गोष्ट इथेच पकडली जाते.

वहीचा उपयोग दोन ठिकाणी. एक, आपल्या माणसाची गाडी आली की ग्रेडरने बाजूला व्हायचं आणि दुसऱ्या ग्रेडरने नमुना घ्यायचा. पावतीवर दुसऱ्याची सही असली की विषय संपला. दोन, भरती, पगारवाढ किंवा कारवाई नातेवाइकाची असेल तर त्या संचालकाने बैठकीतून उठून बाहेर जायचं, आणि ‘अमुक संचालक या विषयाच्या वेळी उपस्थित नव्हते’ हे वाक्य इतिवृत्तात यायचं. नुसतं गप्प बसणं चालत नाही. खुर्चीत बसलेला काका एक शब्द न बोलताही बरंच काही सांगून जातो.

उत्पादक कंपनीच्या कायद्यातही हा विचार आहे. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे उत्पादक कंपनीचा मुख्य कार्यकारी अधिकारी सभासदांमधून नेमता येत नाही, तो सभासद नसलेलाच असावा लागतो. काही ठिकाणी यावर उपाय म्हणून सभासदाच्याच मुलाला नेमतात. अक्षराने ते बसतं. पण पुढे त्या मुलाने वडिलांच्या गटाचा माल परत पाठवायची वेळ आली की काय होतं, ते सांगायला नको.

भरती: अर्धा दिवस काम करवून बघा

जागा भरायची असेल तर सूचना ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि सभासदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर किमान १० दिवस आधी टाका. पगाराचा आकडा त्यातच लिहा. ‘पगार योग्यतेनुसार’ याचा अर्थ गावात ‘आधीच ठरलंय’ असा होतो.

निवडीला तीन माणसं: सीईओ, नातं नसलेला एक संचालक आणि बाहेरचा एक जाणकार. शेजारच्या कंपनीचा लेखापाल किंवा बाजार समितीत काम केलेला निवृत्त माणूस चालतो. १०० गुण असतील तर ५० प्रत्यक्ष कामाला ठेवा. ग्रेडरसाठी वेगवेगळ्या तुरीचे १० नमुने ठेवून ओलावा, मातेरं, किडीने डंकलेला दाणा ओळखायला लावा. गोदामपालासाठी थप्पी मोजून थप्पी-कार्ड भरायला लावा, त्यात मुद्दाम एक आडवा थर चुकीचा लावून ठेवा. ३० गुण हिशेब आणि लिहिण्याला, २० मुलाखतीला. मुलाखतीला यापेक्षा जास्त गुण दिले की ओळखीचा माणूस निवडला जातो, कारण ओळखीच्या माणसाशी गप्पा छान होतात. गुणपत्रक तीन वर्षं जपून ठेवा. न निवडलेल्याने विचारलं तर त्याचे त्याला गुण दाखवा, दुसऱ्याचे दाखवू नका.

बोलणी आणि नियुक्तीपत्र

गुढीपाडव्याला सालगड्याचं साल ठरतं तेव्हा नगद किती, धान्य किती, उचल किती, सुट्टी कोणती, हे दोन माणसांसमोर बोललं जातं. म्हणजे कामाची बोलणी गावाला नवी नाही, ती कागदावर आणायची एवढंच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत, आणि त्यांनुसार प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र द्यावं लागतं. रोजंदारीवरच्या बाईलाही.

पत्र दोन पानांपेक्षा मोठं नको आणि मराठीत हवं. त्यात हे असू द्या: काम, कोणाच्या हाताखाली, कामाचे तास, आठवड्याची सुट्टी, रोज किंवा महिना किती, पैसे कोणत्या तारखेला, जादा तासांचा दर, हंगामी असेल तर कोणत्या महिन्यापर्यंत, आणि तक्रार कोणाकडे. सही घेण्याआधी पत्र वाचून दाखवा. वाचता येणाऱ्यालाही वाचून दाखवा, म्हणजे न येणाऱ्याला वेगळं बसवावं लागत नाही. एक प्रत त्याच्या हातात.

सुट्ट्यांचा तक्ताही याच वेळी करा. जूनमध्ये पेरणी, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर सोयाबीनची सोंगणी, मग कापसाची वेचणी. या दिवसांत माणसं स्वतःच्या शेतात जाणारच. खाडा पडला म्हणून ओरडण्यात काही मिळत नाही. प्रत्येकाने आपले १० ते १२ दिवस आधी मागून घ्यायचे, पण ग्रेडर दोघं एकाच दिवशी नाहीत आणि हमालांच्या तीन जोड्यांपैकी दोन कायम हजर. पोळ्याला आणि दुसऱ्या दिवशी केंद्र बंदच ठेवा. उघडं ठेवून कोणी येत नाही, आणि न आलेल्याचा खाडा लावला की वर्षभराची कुरबुर विकत घेतली.

सहा जण एकत्र, आणि काम तिघांचं

मॅक्स रिंगेलमन या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांकडून दोर ओढवून जोर मोजला होता. ते निष्कर्ष १९१३ मध्ये छापले गेले. आठ जण मिळून ओढू लागले की प्रत्येकाचा जोर एकट्याने ओढतानाच्या जवळपास निम्म्यावर आला. काही जोर ताल न जमल्याने वाया जातो. पण १९७४ च्या एका प्रयोगात डोळे बांधलेल्या माणसाला मागे बाकीचे ओढताहेत असं नुसतं भासवलं, तरी त्याचा जोर कमी झाला. म्हणजे गर्दीत माणूस थोडा सैल पडतो, आणि त्यात आळशीपणा असतोच असं नाही. आपलं काम वेगळं दिसत नाही, हे त्याला कळलेलं असतं.

२०० कट्ट्यांचा ट्रक, म्हणजे १० टन, सहा हमालांनी एकत्र खाली केला की नेमकं हेच होतं. दोन कायम पाठीवर, दोन ‘लावून देणारे’, दोन तंबाखू मळणारे. उपाय सोपा आहे. तीन जोड्या करा, प्रत्येक जोडीला वेगळी थप्पी द्या आणि थप्पी-कार्डावर जोडीचं नाव लिहा. जोड्या दर आठवड्याला बदला, नाहीतर भाऊ-भाऊ एकत्र राहतात आणि म्हातारा हमाल एकटा पडतो. मात्र जोडीनुसार बक्षीस लावू नका. कट्टे पळवत नेण्याची शर्यत लागते, थप्पी तिरपी लागते, आणि तिरपी थप्पी माणसाच्या अंगावर येते. हमालीचा दर प्रति कट्टा जो ठरला तो सगळ्यांत सारखा वाटायचा. मुकादमाचा हिस्सा किती, हे सगळ्यांना दिसेल असं भिंतीवर लिहायचं. माथाडी, हमाल कामगारांसाठी महाराष्ट्रात १९६९ पासून वेगळा कायदा आहे. तुमच्या तालुक्यात माथाडी मंडळाची नोंदणी लागू आहे का, ते जिल्ह्याच्या कामगार कार्यालयातून लेखी विचारून घ्या. तोंडी उत्तरावर विसंबू नका.

रोज सकाळी काम सुरू होण्याआधी १० मिनिटं उभ्यानेच बैठक. कालचे कट्टे किती, आज गाड्या किती, कोण नाही, काय बिघडलं आहे. सीईओने शेवटी बोलायचं. चाळणीवरच्या बायांनी बोलावं असं वाटत असेल तर त्यांच्यातल्या एकीकडे रोज एक ठरलेला आकडा द्या, जसं की काल निघालेलं मातेरं किती किलो. आकडा सांगायला तोंड उघडलं की पुढच्या आठवड्यात ‘पंखा बंद आहे’ हेही बाहेर येतं. ‘ताई, तुम्ही पण काही बोला ना’ म्हटल्याने कोणी बोलत नाही.

एप्रिल-मे मध्ये पारा ४५ कडे जातो. तेव्हा सकाळी ६ ते ११ आणि दुपारी ४ ते ७ अशी पाळी लावा, आठ तास भरतात. शेडमध्ये पाणी आणि मीठ-साखरेची पुडी, पुडी एक लिटरला एक. चाळणी आणि डाळ मिलच्या पट्ट्याला लोखंडी जाळी हवी. बायांना पदर आत बसेल असा पुढून बांधायचा एप्रन द्या. पट्ट्यात पदर जाणं हा इथला सगळ्यात टाळता येण्यासारखा अपघात आहे.

पैशाच्या तारखेची जबाबदारी

हमीभाव खरेदीचे पैसे वरून उशिरा येतात, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून पगार थांबवणं मात्र कायद्यातही बसत नाही आणि नीतीतही नाही. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत, आठवड्याचा आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी, रोजंदारी त्याच दिवशी पाळी संपताना. आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी मजुरी द्यायची प्रथा चांगली आहे, ती आठवड्याच्या हिशेबात बसवून घ्या.

यासाठी वेगळं खातं उघडा. सगळ्यांचा मिळून महिन्याचा पगार १ लाख ८० हजार असेल तर ३ लाख ६० हजार, म्हणजे दोन महिन्यांचे पैसे, त्या खात्यात हंगामाआधी टाका. त्या खात्यातून बारदाना (रिकामी पोती) किंवा डिझेल घ्यायचं नाही, असा ठराव मंडळाकडून करून घ्या. ठराव नसेल तर जानेवारीत त्यातूनच बारदाना येणार.

दर ठरवताना दोन गोष्टी. महाराष्ट्रात किमान वेतनातला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा बदलतो. या दोन महिन्यांत नवा दर काढून मस्टरच्या (हजेरीपटाच्या) आतल्या पानावर चिकटवा. दुसरी गोष्ट बाईच्या रोजाची. शेतात बाईला कमी रोज आणि गड्याला जास्त, ही गावाची सवय आहे, आणि ती चाळणीच्या शेडमध्ये गुपचूप शिरते. सारख्या कामाला सारखा रोज हा १९७६ पासून कायदा आहे. ‘गडी कट्टे उचलतात’ हे उत्तर चालत नाही. निवडणीच्या टेबलावर बसलेला गडी कट्टे उचलत नसतो.

जादा काम झालं तर त्या तासांचे दुप्पट पैसे. चुकीला दंड लावायचाच असेल तर त्या वेतनकाळाच्या मजुरीच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त नाही, कोणत्या चुकीला दंड हे आधी भिंतीवर लावलेलं हवं, आणि माणसाचं म्हणणं ऐकूनच. सगळ्या कपाती मिळून निम्म्या पगारापलीकडे जाता कामा नयेत. फुटलेल्या कट्ट्याची पूर्ण किंमत हमालाच्या हप्त्यातून कापणारे या रेषेच्या कधीच पलीकडे गेलेले असतात.

उचल हा नाजूक विषय. लग्न, दवाखाना, बियाणं, यासाठी मागतील, आणि द्यावीही. मर्यादा एका महिन्याच्या पगाराची, फेड चार हप्त्यांत, व्याज शून्य, नोंद सही-अंगठ्यासह. पण उचल फिटेपर्यंत काम सोडता येणार नाही, अशी अट तोंडीसुद्धा घालू नका. अशा अटीने माणूस अडकतो, आणि १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने तो गुन्हा आहे. उचल घेतलेला माणूस निघाला तर उरलेल्या रकमेची लेखी फेड ठरवा आणि जाऊ द्या.

भविष्य निर्वाह निधीचा एक सापळा अनेकांना उशिरा कळतो. २० माणसं झाली की तो लागू होतो, आणि हंगाम संपून पुन्हा १४ राहिली तरी लागू राहतो. ठेकेदाराची माणसंही मोजणीत येतात. फेब्रुवारीत चार हमाल वाढवण्याआधी लेखापालाने मस्टर मोजावं.

भांडण झालं तर

काटा आणि थप्पी, म्हणजे वजन लिहिणारा आणि कट्टे लावणारा, यांच्यात हंगामात वाद होणारच. त्याची रीत:

१. त्याच दिवशी हाताळा. रात्र मध्ये गेली की दोन्ही घरची माणसं त्यात येतात.
२. दोघांना वेगवेगळं बसवा आणि प्रत्येकाकडून घडलेलं क्रमाने ऐका. ‘तो असाच आहे’ हे वाक्य लिहू नका, ‘दुपारी २ वाजता त्याने काटा थांबवला’ हे लिहा.
३. कागद काढा: टोकन, काटा-पावती, थप्पी-कार्ड. अर्धी भांडणं इथेच संपतात.
४. मग दोघांना समोरासमोर आणून उद्यापासून काय बदलणार, एवढंच ठरवा. माफी मागायला लावू नका. सगळ्यांसमोर मागायला लावलेली माफी पुढच्या निवडणुकीपर्यंत लक्षात राहते.
५. आठ दिवसांनी दोघांना पुन्हा विचारा.

बोलण्याची पद्धतही इथे कामाची असते. वयाने मोठ्या हमालाला पंचवीस वर्षांच्या सीईओने नावाने हाक मारली की मुद्दा बरोबर असूनही हरतो. ‘काकाजी, ही थप्पी आज पुन्हा लावावी लागते, मी पण थांबतो’ असं म्हटलं की काम होतं. सूचना देताना आदर आणि सूचनेत स्पष्टपणा, दोन्ही एकाच वाक्यात बसतात.

प्रत्येक भांडण असं मिटवायचं नसतं. पाण्याचा माठ कोणी वेगळा ठेवला, जेवायला कोणाला दूर बसवलं, जातीवरून बोललं गेलं, तर तो ‘टीममधला मतभेद’ नाही. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार प्रतिबंधासाठी १९८९ चा कायदा आहे. तक्रार करणाऱ्याला गावाचं नाव खराब होईल म्हणून थांबवणं हीच मोठी चूक. केंद्रात पिण्याचं पाणी एकच, पेले एकच, आणि संचालक आले तर त्यांनीही तिथूनच प्यायचं. हे भिंतीवर लिहू नका, रोज करा.

२० किंवा जास्त कामगार असतील तर तक्रार निवारण समिती करावी लागते: जास्तीत जास्त दहा जण, निम्मे कामगारांचे, बायांचं प्रमाण कामगारांतल्या त्यांच्या प्रमाणापेक्षा कमी नको, आणि तक्रारीचा निकाल ३० दिवसांत. तुमच्याकडे सतराच असले तरी तीन जणांची समिती ठेवा. एकमेव तक्रारपेटी सीईओच्या टेबलावर असेल तर तिच्यात गुटख्याच्या पुड्यांशिवाय काही पडत नाही.

बायांची तक्रार तंटामुक्ती समितीकडे नाही

दहा किंवा जास्त माणसं असतील तर कामाच्या ठिकाणी बायांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती हवीच. रोजंदारीवरच्या आणि ठेकेदाराकडच्या बायाही मोजणीत आणि संरक्षणात येतात. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री, किमान दोन कर्मचारी, एक बाहेरची सदस्य, आणि एकूण सदस्यांत किमान निम्म्या स्त्रिया. तुमच्याकडे वरिष्ठ पदावर बाई नसेल तर दुसऱ्या संस्थेतली घेता येते. बाहेरच्या सदस्यासाठी तालुक्यात माविमच्या (महिला आर्थिक विकास महामंडळाच्या) लोकसंचालित साधन केंद्रात विचारा, किंवा या विषयावर काम केलेली वकील बघा. समिती न नेमल्यास ५० हजारांपर्यंत दंड आहे. सदस्यांची नावं शेडमध्ये लावा, फक्त ऑफिसच्या कपाटाच्या आतल्या बाजूला नाही.

तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. लिहिता येत नसेल तर लिहून घेण्याची मदत समितीने करायची. चौकशी ९० दिवसांत, अहवाल पुढच्या १० दिवसांत, अहवालावर कारवाई ६० दिवसांत. माणसं दहापेक्षा कमी असतील, किंवा तक्रार कारभार चालवणाऱ्याविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती.

गावात हमखास घडतं ते असं. कोणीतरी वडीलधारा म्हणतो, ‘गावातली गोष्ट गावातच मिटवू, तंटामुक्ती समितीसमोर बसवू.’ तंटामुक्त गाव मोहीम २००७ पासून आहे आणि धुऱ्याच्या (शेताच्या बांधाच्या) वादात तिचा उपयोगही झाला आहे. पण ही तक्रार तिथे नेली की बाईचं नाव चावडीवर गेलं. कायद्याने तक्रारदार, साक्षीदार आणि चौकशीतली माहिती गुप्त ठेवायची असते. समझोता फक्त तक्रारदाराने स्वतः मागितला तरच होऊ शकतो, आणि पैसे देऊन तर अजिबात नाही. चौकशी चालू असताना तिची पाळी किंवा जागा बदलायची वेळ आली तर आधी तिला विचारा. तिलाच घरी बसवणं ही तिला दिलेली शिक्षा होते.

माल कमी निघाला: बोट दाखवण्याआधी हिशेब

गोदामात तूट निघाली की पहिला संशय गोदामपालावर, दुसरा रात्रपाळीच्या हमालावर. इथे सीईओची खरी कसोटी लागते, म्हणून जरा सविस्तर.

आधी दोन प्रश्न वेगळे करा: कट्ट्यांची संख्या कमी आहे, की संख्या बरोबर असून वजन कमी आहे?

संख्या बरोबर आणि वजन कमी असेल तर वाळण, म्हणजे माल वाळून झालेली घट, काढा. सूत्र असं: मूळ वजन गुणिले (१०० वजा जुना ओलावा), भागिले (१०० वजा नवा ओलावा). १०० क्विंटल तूर १२ टक्क्यांवर भरली आणि उन्हाळ्यात १० टक्क्यांवर आली, तर १०० गुणिले ८८ भागिले ९०, म्हणजे ९७.७८ क्विंटल. दोन क्विंटल बावीस किलो कोणी न चोरता गेली. प्रत्येक ५० किलोच्या कट्ट्यामागे साधारण १ किलो ११० ग्रॅम. थप्पीच्या वेगवेगळ्या थरांतले २० कट्टे पुन्हा तोला. सगळे सारखेच हलके असतील तर वाळण. काही पूर्ण भरलेले आणि काही बरेच हलके असतील तर कोणीतरी हात घातला आहे. बारदानाचं वजन दोन्ही वेळा वजा केलं का, तेही बघा. आणि काटा शेवटचा कधी तपासून घेतला होता?

संख्या कमी असेल तर ओलाव्याचा काही संबंध नाही. मोजणीची चूक, जावक नोंदवायची राहिली, किंवा चोरी. थप्पी-कार्डं आणि जावक चलनं जुळवा, फाटकाची नोंद बघा. एवढं करूनही तूट राहिली तरच पुढचं.

पुढचं म्हणजे नोटीस. काय घडलं, कोणत्या तारखेला, कोणत्या कागदावरून दिसतं, हे लिहून द्या आणि उत्तराला किमान सात दिवस द्या. चौकशी करणारा तूट शोधणारा नसावा आणि नात्यातला तर नसावाच. त्या माणसाला सहकाऱ्याला सोबत आणू द्या, कागद दाखवा, त्याचे साक्षीदार ऐका, बोललेलं लिहून त्याची सही घ्या. चौकशीच्या काळात कामावरून दूर ठेवायचं असेल तर निम्मा पगार निर्वाह भत्ता म्हणून चालू ठेवा. निर्णय लेखी आणि चुकीच्या प्रमाणात. पहिल्यांदा उशिरा येणाऱ्याला तोंडी समज, तीच चूक तीनदा झाली तर लेखी, आणि पैशाच्या अपहाराला तोंडी समज नाही, मग तो पुतण्या असो.

या सगळ्यात व्हॉट्सॲप ग्रुपवर एक अक्षरही नको. ‘गोदामात तूट, चौकशी सुरू’ असा निरोप म्हणजे निकालच. खाडा करणाऱ्यांची नावं, कोणाचा आजार, कोणाची उचल, आधारचे फोटो, यातलं काहीही ग्रुपवर जाता कामा नये. कर्मचाऱ्यांच्या फायली कुलपात, किल्ली दोघांकडेच.

माणूस जाताना

काम सोडलं किंवा काढलं, दोन्हींत सगळा हिशेब दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा असतो. त्यासाठी मस्टर रोजचं रोज भरलेलं हवं. महिनाअखेरीस आठवून भरणाऱ्या लेखापालाला हे जमणार नाही.

गोदामपाल जात असेल तर प्रत्येक थप्पी नव्या आणि जुन्या माणसाने मिळून मोजायची आणि कार्डावर दोघांच्या सह्या. संख्येसोबत त्या दिवशीचा ओलावाही लिहा, नाहीतर वरचा वाळणीचा वाद सहा महिन्यांनी नव्या माणसाच्या गळ्यात पडतो. किल्ल्या, शिक्के, ओलावा मीटर, खरेदी पोर्टलचा पासवर्ड, आणि बँकेचा ओटीपी ज्या मोबाइलवर येतो तो क्रमांक. हा शेवटचा हमखास राहतो, आणि मग पुढच्या चुकाऱ्याच्या दिवशी माजी लेखापालाला सोयाबीनच्या वावरात फोन लावत बसावं लागतं. अनुभवाचा दाखला त्याच दिवशी द्या. त्यात काम आणि कालावधी लिहा. सोडण्याचं कारण त्याने मागितल्याशिवाय लिहू नका.